सूक्ष्म जीवांचे वर्ग आणि भातावरील करपा

श्रावणाच्या मध्यावर खारेपाटांतील भातशेतें हिरवींगार असावयाचीं. परंतु त्याच सुमारास पानें सुकूं लागल्याची तक्रार घेऊन सभासद आमच्याकडे येतात. काय झालें म्हणून विचारलें असतां उत्तर एकच मिळतें, करपा पडला. मग करप्याचें म्हणून मिळणारें औषध आणून फवारलें जातें. कोणास त्याचा गुण येतो, तर कोणाचा पैसा व श्रम दोन्हीही वायां जातात. अशा वेळीं औषध खोटें होतें असें नेहमींच नसतें. पुष्कळदां रोगाची ओळखच चुकलेली असते. करपा ह्या एका शब्दाखालीं आपण दोन निरनिराळे रोग घालतों. एक बुरशीमुळें होतो व दुसरा जंतूमुळें. आणि बुरशीचें नातें जंतूपेक्षां आपल्या गोठ्यांतील गाईशीं अधिक जवळचें आहे. हें विधान चमत्कारिक वाटेल, म्हणून सूक्ष्म जीवांच्या वर्गांची थोडी ओळख येथें करून देतों.

नुसत्या डोळ्यांस न दिसणाऱ्या जीवांस सूक्ष्म जीव म्हणतात. हॉलंडांतील लेव्हेनहूक यानें १६७६ सालीं स्वतः घासलेल्या भिंगांतून पाण्यांतील जंतु पाहिले व त्यांचें वर्णन लिहून ठेविलें. परंतु सूक्ष्म हा शब्द आकार सांगतो, जात सांगत नाहीं. पाण्यांत राहतात एवढ्यावरून मासा, खेकडा आणि शेवाळ एका जातीचे ठरत नाहींत, तसेंच हें आहे. वर्ग ठरवितांना शास्त्रज्ञ प्रथम हें पाहतात कीं, जीवाच्या पेशींत केंद्रक आहे किंवा नाहीं.

ज्यांच्या पेशींत केंद्रक नाहीं असा पहिला वर्ग जंतूंचा, म्हणजे बॅक्टेरियांचा. एक पेशी दुभंगून दोन होतात, अशी त्यांची वाढ. ह्या वर्गांत सगळे शत्रुच आहेत असें नव्हे. खाचरांत साचलेल्या पाण्यावर येणारें निळें-हिरवें शेवाळ नांवानें शेवाळ असलें तरी जातीनें ह्याच वर्गांतलें आहे, व तें हवेंतील नत्र भाताच्या उपयोगी पडेल असा बांधून ठेवितें. भातशेतीच्या जमिनीसंबंधीं ही गोष्ट पी. के. डे यांनीं १९३९ सालीं प्रयोगानें दाखविली.

दुसरा वर्ग आर्किया. हेही केंद्रकावांचूनचे असल्यामुळें पूर्वी जंतूंतच गणले जात. अमेरिकेंतील कार्ल वोज यांनीं १९७७ सालीं ते वेगळे काढले. लावणीच्या खाचरांत पाय रोवला कीं चिखलांतून जे बुडबुडे वर येतात, त्यांतील मिथेन वायु ह्याच जीवांनीं केलेला असतो.

तिसऱ्या वर्गांत केंद्रक असलेले जीव येतात. बुरशी, खरें शेवाळ व एकपेशी प्राणी हे त्यांतले. झाडें, जनावरें व माणूस यांच्या पेशींतही केंद्रक असतें, म्हणून बुरशी जंतूपेक्षां गाईस जवळची असें वर म्हटलें. श्रीवर्धनच्या सुपारीबागाइतदारांस ठाऊक असलेला कोळेरोग पूर्वी बुरशीचाच मानीत. तो करणारा जीव फायटोफ्थोरा आतां खऱ्या बुरशीहून वेगळा, कांहीं शेवाळांच्या जवळचा ठरला आहे. आणि बुरशीवरील कांहीं औषधें त्यावर कां चालत नाहींत, याचें कारणही त्यामुळें कळलें.

विषाणु ह्या तिन्ही वर्गांबाहेरचे. त्यांस स्वतःची पेशीच नाहीं. दुसऱ्याच्या पेशींत शिरल्यावांचून ते वाढत नाहींत. भातावरील टुंग्रो रोग विषाणूंचा असून हिरवे तुडतुडे तो पसरवितात.

आतां दोन करप्यांकडे वळूं. नुसता करपा म्हणतात तो रोग बुरशीचा. पानावर डोळ्याच्या आकाराचे, दोन्ही टोंकांस निमुळते डाग पडतात. डागाचा मध्य राखी व कड तपकिरी असते. लोंबीच्या मानेवर रोग आला तर मान काळी पडून लोंबी मोडते व दाणे पोकळ राहतात. ह्या बुरशीचे बीजाणु वाऱ्यानें उडतात आणि पान दंवानें कांहीं तास ओलें राहिलें म्हणजे रुजून स्वतःच्या जोरानें पानाची त्वचा भेदतात.

कडा करपा जंतूचा. झँथोमोनास ओरायझी असें त्याचें शास्त्रीय नांव. असे एक हजार जंतु टोंकास टोंक लावून मांडले तर रांग एक ते दोन मिलिमीटर भरेल. पान भेदण्याची शक्ति त्यास नाहीं. त्यास उघडें दार लागतें. पानाच्या कडांना पाणी बाहेर टाकणारीं बारीक छिद्रें असतात, तेथून किंवा वादळांत फाटलेल्या जागेंतून तो आंत शिरतो व पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत वाढतो. म्हणूनच हा रोग शेंड्याकडून व कडेकडून उतरतो. पट्टा नागमोडी, प्रथम पिवळा व मग वाळल्या गवताच्या रंगाचा होतो.

संशय राहिल्यास घरीं परीक्षा करतां येते. रोगट व हिरव्या भागाच्या सीमेवरचा बोटभर ताजा तुकडा कापून कांचेच्या पेल्यांतील स्वच्छ पाण्यांत कापलेलें टोंक बुडवून धरावा. थोड्या वेळानें उजेडाकडे पाहिलें असतां टोंकांतून दुधासारखी धार उतरतांना दिसली, तर रोग जंतूचा समजावा. बुरशीच्या डागांतून अशी धार येत नाहीं.

भेद कळला म्हणजे औषधाचें कोडें सुटतें. ट्रायसायक्लॅझोल हें करप्यावरील प्रसिद्ध औषध बुरशीस पान भेदण्याचा जोर येऊं देत नाहीं. जो जंतु पान भेदीतच नाहीं, त्याचें तें काय करणार?

कडा करपा पीक उभें असतां फवारणीनें हटविणें कठीण. तो येऊं न देणें हाच मुख्य उपाय. रोपें उंच झालीं म्हणून लावणीच्या वेळीं शेंडे खुडूं नयेत. प्रत्येक खुडलेलें पान जंतूस नवें दार होतें. रोगट खाचराचें पाणी बांध फोडून खालच्या खाचरांत सोडूं नये. पानें ओलीं असतां रोगट शेतांतून निरोगी शेतांत फिरूं नये. धसकटें, बांधावरील गवत व आपोआप उगवलेलीं भाताचीं रोपें काढून टाकावीं, कारण जंतु तेथें तग धरतो. पिवळेपणा पाहून युरिया टाकण्याचा मोह तर कटाक्षानें टाळावा; जादा नत्रानें दोन्ही करपे बळावतात.

कडा करप्याची हकीकत आपल्या जिल्ह्यास परकी नाहीं. जपानांत हा रोग १८८४ सालीं प्रथम दिसला. आपल्या देशांत तो १९५१ पासून कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या रायगडांत, आढळल्याची नोंद आहे. श्रीनिवासन, तिरुमलाचार व पटेल यांनीं १९५९ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें १९६३ सालीं बिहारांत त्यानें मोठा अनर्थ केला.

म्हणून आमची सभासदांस विनंति आहे कीं, दुकानांत जाण्यापूर्वी पान व पेला घेऊन पांच-दहा मिनिटें बसावें. तरीही उलगडा न झाल्यास ताजीं पानें कर्जतच्या भात संशोधन केंद्रांत दाखवावीं, आणि रोगास दाद न देणारें वाण कोणतें हेंही तेथेंच विचारावें. रोगाचा वर्ग ओळखल्यावांचून केलेला खर्च म्हणजे उघडीची फळी न लावतां खारबंदिस्तीवर माती घालीत बसणें होय. भरतीचें पाणी आंत यावयाचें तें येतेंच.