एका पोथीचे अनेक वाचक

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात सुमारे २४० पृष्ठांची एक चर्मपत्री पोथी आहे. १९१२ साली विल्फ्रिड व्हॉयनिच या ग्रंथविक्रेत्याने ती इटलीत जेझुइट पाद्र्यांकडून विकत घेतली, म्हणून तिला त्याचे नाव पडले. न ओळखू येणाऱ्या वनस्पती, नक्षत्रचक्रे, कुंडांत स्नान करणाऱ्या स्त्रिया अशी चित्रे तीत असून भोवती सफाईने लिहिलेला मजकूर आहे. ती लिपी मात्र जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही.

तरीही ‘आम्ही ती वाचली’ असे सांगणारे अधूनमधून पुढे येतात आणि वृत्तपत्रे त्यांना डोक्यावर घेतात. अशा वेळी सामान्य सुशिक्षिताने काय करावे? आमचे म्हणणे असे की, पोथी वाचता आली नाही तरी ती वाचल्याचा दावा आपणां सर्वांना पारखता येतो.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक न्यूबोल्ड यांचे उदाहरण घेऊ. १९२१ साली त्यांनी जाहीर केले की, ही पोथी तेराव्या शतकातील रॉजर बेकनची असून दुर्बीण व सूक्ष्मदर्शक त्याला ठाऊक होते. प्रत्येक अक्षरात सूक्ष्म रेषा दडल्या आहेत, त्या म्हणजे प्राचीन ग्रीक लघुलिपी. त्यांतून मिळणारी अक्षरे उलटसुलट जुळवली की लॅटिन वाक्य तयार होते, अशी त्यांची रीत. १९३१ साली मॅन्ली या त्यांच्याच विद्वान स्नेह्याने दाखवून दिले की, त्या रेषा म्हणजे खडबडीत चर्मपत्रावर वाळलेल्या शाईला गेलेले तडे होत! न्यूबोल्ड लबाड नव्हते. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’, एवढेच घडले होते. पण हे वाचन टिकते, तर शाईच्या तड्यांवरून विज्ञानाचा इतिहास फिरवून लिहावा लागला असता.

अक्षरे जुळवण्याची मोकळीक किती घातक असते पाहा. क, म, ल ही तीन अक्षरे घ्या. क्रम बदलण्याची आणि स्वर भरण्याची मुभा दिली की कमल, कलम, कमाल, कोमल, मुकुल, हवे ते निघते. मग शंभर अक्षरांच्या ओळीतून काय निघणार नाही? असा अर्थ पोथीतून येत नाही, वाचकाच्या मनातून येतो.

खरे वाचन कसे असते? क्रीट व ग्रीस येथील ‘रेखालिपी ब’ १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस यांनी उलगडली. त्यांचे कोष्टक तयार झाल्यानंतर, त्यासाठी वापरलीच गेली नव्हती अशी एक मृत्पट्टिका ब्लेगेन या उत्खननकर्त्याने त्या कोष्टकाने वाचली. जेथे ‘तिपाई’ हा शब्द निघाला तेथे तिपाई भांड्याचे चित्र होते. ‘चार कानांचे’ निघाले तेथे भांड्याला चार कान होते. किल्ली एकाची, हात दुसऱ्याचा, पट्टिका नवी आणि साक्ष चित्राची! व्हॉयनिच पोथीच्या एकाही वाचनाला आजवर ही कसोटी उतरता आलेली नाही. २०१९ साली एका इंग्रज संशोधकाने ती ‘आद्य रोमान्स’ भाषेत असल्याचे सांगितले. तज्ज्ञांनी आक्षेप घेताच ब्रिस्टल विद्यापीठाने त्याविषयीचे आपले प्रसिद्धिपत्रक मागे घेतले.

मग आपल्या हाती काहीच नाही का? आहे. २००९ साली कार्बन-परीक्षेने चर्मपत्राचा काळ १४०४ ते १४३८ च्या दरम्यान ठरला. म्हणजे तेराव्या शतकातच हयात संपलेल्या बेकनचा ही पोथी लिहिण्याशी संबंध उरला नाही. जपानची गुप्तलिपी फोडणाऱ्या गटाचे प्रमुख फ्रीडमन यांनी या पोथीवर अनेक वर्षे खर्च केली, आणि वाचन साधले नाही तेव्हा साधल्याचा आव आणला नाही.

तात्पर्य, पुढचा दावा कानी पडेल तेव्हा तीनच प्रश्न विचारावेत. किल्ली ठरलेली आहे की प्रत्येक ओळीला बदलते? तीच किल्ली घेऊन दुसऱ्याला तोच अर्थ मिळतो का? आणि न पाहिलेले पान तिने उघडते का? उत्तरे मिळेपर्यंत ‘अजून कळलेले नाही’ असे म्हणण्यात कमीपणा नाही; संशोधनाचा आरंभ तेथूनच होतो.