बुरूड राजाचा कोट

वसईतल्या होळी बाजारात सकाळचे साडेआठ वाजलेत आणि मी एका सुपाचा भाव करतोय.

मावशी रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून बसली आहे. समोर सुपं, रोवळ्या, परड्या आणि कोंबड्या झाकायचं एक भलंमोठं डालगं. डाव्या हाताला केळ्यांचे घड, पलीकडे मासळीच्या पाट्या. लाल लुगडं नेसलेली कुपारी समाजातली एक आजी बोंबील उलटेपालटे करून बघते आहे, आणि तिच्या चेहऱ्यावरून एकही तिला पसंत दिसत नाही.

“कितीला, मावशी?”

“अडीचशे.”

“सुपाला?”

“मला काय विचारतोस? बांबूला विचार, का महागला ते.”

बोलताना तिचे हात थांबत नाहीत. मांडीवर अर्ध्यावर आलेलं सूप आहे. बांबूची पातळ पट्टी ती कोयत्याने आणखी पातळ करते, एकीवरून घालते, दुसरीखालून काढते आणि अंगठ्याने दाबून बसवते. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं आहे. पैसे कनवटीला लावून ती बजावते, “आधी सारवून घे. मेथी भिजवून वाट नि कागदाच्या लगद्यात कालव. तशीच वापरलीस तर कणी सगळी फटीतून खाली.”

पाखडण्याचा माझ्या घरी काही प्रसंग येत नाही. सूप घेतलंय ते सोपाऱ्याला चाललोय म्हणून. सोपारा हे शूर्पारकाचं झिजलेलं रूप, आणि शूर्प म्हणजे सूप. दुसरं कारण तिथे पोचल्यावर सांगतो.

रिक्षा होळी बाजाराचा गजबजाट मागे टाकते. वाड्या सुरू होतात. केळी, नारळ, मधूनच चाफ्याची रोपं, घरासमोर क्रूस आणि दोन घरं ओलांडली की तुळशीवृंदावन. भुईगाव डाव्या अंगाला, समुद्राच्या बाजूला राहतं. १९५६ साली या भुईगावात अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या लेखात राजा काय सांगतो? आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, बायका तर फारच. त्यातून फळ थोडं. त्यापेक्षा नोकरमाणसांशी नीट वागा, गुरुजनांचा मान ठेवा, हाच खरा मंगलविधी. बावीसशे वर्षांपूर्वीच्या सम्राटाची ही तक्रार ऐकताना मला नेहमी घरातला एखादा कंटाळलेला काका आठवतो.

निर्मळचं तळं येतं. इथे शंकराचार्यांची समाधी मानतात आणि कार्तिकात मोठी जत्रा भरते. मग गास, आणि मग वाड्या संपून इमारती. रिक्षावाला विचारतो, “सूप घेऊन स्तूपाला? पूजा आहे काय?”

“नाही हो, असंच.”

तो आरशातून माझ्याकडे एकवार बघतो आणि गप्प बसतो.

स्तूप समोर येतो तेव्हा पहिल्यांदा येणाऱ्याची थोडी निराशाच होते. सांचीची चित्रं डोक्यात घेऊन आलेल्या माणसाला इथे विटांचा एक मोठा, ठेंगणा ढीग दिसतो. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक, कुंपण, कापलेलं गवत, आणि मागच्या इमारतींच्या गॅलऱ्यांत वाळणारे कपडे. जवळ गेलं की मात्र ढिगाला आकार येऊ लागतो: खाली चौथरा, वर गोलाई, आणि झिजलेली कड. विटा आजच्या विटांपेक्षा रुंद आणि चपट्या. एका विटेवर तळवा ठेवतो. ऊन नुकतंच पडलंय, तरी वीट अजून गार आहे. फटीत कुणीतरी खोवलेली उदबत्तीची काडी, तिची राख न मोडता तशीच वाकलेली.

या टेकाडाला गावात म्हणत बुरूड राजाचा कोट. सूप आणण्याचं दुसरं कारण हे.

१८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी इथे आले तेव्हाही हेच नाव चालू होतं. जुनागढचा हा माणूस, ब्राह्मी लिपी वाचण्यात भल्याभल्या साहेबांना भारी. कोट म्हणतात खरा, पण हा स्तूप आहे हे त्यांनी ओळखलं आणि मधोमध खणायला घेतलं. विटांच्या बांधीव पोकळीत गोल दगडी पेटी लागली. झाकण उचललं तर मध्ये तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती आठ छोट्या धातुमूर्ती गोल बसलेल्या: सात होऊन गेलेले बुद्ध, आठवा येणारा मैत्रेय. तांब्यात चांदीचा करंडक, चांदीत दगडाचा, दगडात स्फटिकाचा, स्फटिकात सोन्याचा. सोन्याची बारीक फुलंही होती. आणि सगळ्यात आत, त्या सोन्यात, काय? मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या. भगवानलालांनी त्या बुद्धाच्या भिक्षापात्राच्या मानल्या. स्तूपात यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं नाणंही मिळालं, आणि मूर्ती तर त्याच्याही कितीतरी शतकं नंतरच्या. म्हणजे कुणीतरी मध्ये हे सगळं उघडून, पुन्हा पुजून, पुन्हा मिटलं होतं. पाच डब्यांच्या आत खापरी ठेवणाऱ्यांची अक्कल मला फार थोर वाटते.

त्याच वर्षी जवळच्या भातेळे तळ्यापाशी भगवानलालांना अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा मिळाला. पूर्वीचे राजे मौजेच्या सहलींवर जात, शिकारी करत. आपण राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या, असं त्यात अशोक सांगतो. म्हणजे एका बंदरात, जिथे रोज गलबतं येत-जात होती, तिथे राजाने प्रवास कसा करावा हे लिहून ठेवलं होतं.

मग अशोकासारख्या एवढ्या मोठ्या राजाचा बुरूड कसा झाला? माझा तर्क साधा आहे. शूर्पारकातलं शूर्प लोकांना कळत होतं, अशोक मात्र विसरला गेला होता. सुपाच्या गावाचा राजा कोण असणार? सूप विणणारा. त्यातून हा स्तूप दुरून पालथ्या टोपलीसारखाच दिसतो. मी सूप हातात आडवं धरून स्तूपाशी ताडून बघतो. रखवालदार लांबून हे पाहतोय आणि बहुधा मला वेडा ठरवतोय.

थायलंडात मात्र असा विसर पडू दिला गेला नाही. सिंहली बखरी सांगतात की पाटलिपुत्राच्या संगीतीनंतर चहूकडे भिक्खू धाडले गेले; यवन धम्मरक्खित अपरान्तात, म्हणजे आपल्या या कोकणपट्टीत आला, आणि सोण व उत्तर सुवर्णभूमीला गेले. थाई लोक ती सुवर्णभूमी आपली मानतात आणि नाखोन पाथोम शहरातला स्तूप तिथला पहिला समजतात. तोही असाच ढासळून झाडीत हरवला होता. पण राजा मोंगकुट गादीवर येण्याआधी २७ वर्षं भिक्खू होता. त्याने १८५३ मध्ये जुन्या स्तूपावर नवा चढवायला घेतला, आणि मुलगा चुलालोंगकोर्नच्या काळात, १८७० मध्ये, काम पुरं झालं. उंची सुमारे १२० मीटर. पुढे १८९९ मध्ये पिप्रहवाच्या स्तूपातले, बुद्धाचे मानले जाणारे अस्थिअवशेष इंग्रज सरकारने याच चुलालोंगकोर्नला दिले. बँकॉकच्या सुवर्णगिरीवर ते आहेत. थायलंडात राजमंदिरांना दर्जे आहेत, चीवरदानाला राजा स्वतः जातो. आपल्याकडे राजाच उरला नाही, मग राजमंदिराची डागडुजी कोण करणार?

फाटक करकरतं. कल्याणहून एक कुटुंब आलंय. पांढऱ्या साड्यांतल्या तीन बायका, एक म्हातारे गृहस्थ, दोन पोरं. चपला बाहेर निघतात. मेणबत्ती वाऱ्याने दोनदा विझते, तिसऱ्यांदा पदराआड पेटते. पंचशील सुरू होतं. पालीतले शब्द आजींना पाठ आहेत, पोरं शेवटचं अक्षर पकडून मागे ओढल्यासारखी म्हणतात.

१९५६. भुईगावचा तुकडा मिळाला ते साल. त्याच साली १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. आजोबा सांगतात, त्यांचे वडील तिथे होते. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही हे मला कळतं, तरी मी वहीत साल दोनदा गिरवतो.

“इथं राजा कुठं राहायचा?” धाकटा विचारतो.

“राजा इथं राहत नसतो रे,” आई म्हणते. “हे बुद्धाचं आहे.”

त्याची नजर माझ्या हाताकडे जाते. “आणि ते?”

“सूप.”

“कशाला?”

मी त्याला बुरूड राजाची गोष्ट सांगतो. त्याला ती अशोकापेक्षा जास्त पटते. सूप डोक्यावर मुकुटासारखं धरून तो स्तूपाला एक फेरी मारतो, आजी रागावतात, आजोबा हसतात.

करंडक आणि आठ मूर्ती मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहेत, आठव्या लेखाचा दगड छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. इथे विटा आहेत. बघायला या, नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरा. रिक्षावाल्याला बुद्ध स्तूप सांगा, आणि एखादा म्हातारा भेटला तर बुरूड राजाचा कोट विचारून बघा.