रंगाची साक्ष

हळदीचा डाग पडलेलें लुगडें साबणानें धुवूं लागलें कीं पिवळा डाग क्षणांत तांबडा होतो, ही गोष्ट कोणत्याहि गृहिणीस नवी नाहीं. साबणाच्या ठिकाणीं चुना किंवा धुण्याचा सोडा घेतला तरी तेंच घडतें. डाग तांबडा झाला, एवढ्यावरून तेथें अल्कधर्मी द्रव्य आहे हें कळतें; परंतु तें साबण, चुना कीं सोडा, हें त्या रंगावरून सांगतां येत नाहीं. अमली पदार्थ ओळखण्याच्या रंगपरीक्षांची गोष्ट अगदीं अशीच आहे.

या परीक्षांत सर्वांत प्रसिद्ध ती एडुआर्ड मार्कीस याची. १८९६ सालीं दोर्पात येथें, म्हणजे आजच्या एस्टोनियांतील तार्तू शहरीं, त्यानें ती प्रथम वर्णिली. तीव्र गंधकाम्लांत थोडें फॉर्मल्डिहाइड मिसळलें कीं परीक्षाद्रव तयार. पांढऱ्या चिनीमातीच्या बशींत संशयित भुकटीचा कण ठेवून त्यावर एक थेंब सोडावयाचा. अफूंतील मॉर्फिन किंवा त्यापासून केलेलें हेरॉइन असल्यास गडद जांभळा रंग उमटतो. ॲम्फेटामिन असल्यास नारिंगी, व मग तपकिरी. अम्लाच्या साहाय्यानें फॉर्मल्डिहाइड मॉर्फिनचे दोन रेणु एकमेकांस जोडतें, आणि या जोडरेणूची प्रकाश शोषण्याची रीत मूळच्याहून निराळी असते. मात्र परीक्षाद्रवाला संपूर्ण रेणूची ओळख पटत नाहीं. रेणूच्या एकाद्या अवयवाशींच त्याची क्रिया घडते. म्हणून तसा अवयव असलेलें निरुपद्रवी द्रव्यहि रंग देतें. डोकेदुखीवरची ॲस्पिरिन या थेंबाखालीं हळूहळू तांबूस होते. साखर तर गंधकाम्लानें करपून पिवळी-तपकिरी बनते.

कांहीं पदार्थांची मात्राच इतकी सूक्ष्म असते कीं रंग पाहण्यापूर्वीं दिव्याची मदत घेणें सोयीचें पडतें. एल्. एस्. डी. ची एक मात्रा मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. ती कागदाच्या इवल्या तुकड्यांत जिरविलेली असते. डोळ्यांस न दिसणारे जंबुपार किरण टाकले असतां ती निळसर प्रभेनें चमकते. पण ही प्रभा केवळ तिचीच नव्हे. कोयनेलच्या द्रावणावरील अशा निळ्या झांकेचें वर्णन जॉन हर्शेल यानें १८४५ सालींच केलें होतें, आणि कपडे धुण्याच्या भुकटींतील शुभ्रतावर्धक द्रव्येंहि त्याच किरणांखालीं झळकतात. धुतलेला सदराहि मग संशयित ठरावा!

कोकेनची परीक्षा कोबाल्ट थायोसायनेट या गुलाबी द्रावणानें करतात. कोकेन पडलें कीं तें निळें होतें. परंतु ऐंशीहून अधिक इतर द्रव्यांनींहि निळा रंग येतो, असें सांगितलें जातें. सर्दीखाजेवर देतात तें डायफेनहायड्रामिन आणि दांत काढतांना हिरडी बधिर करणारें लिडोकेन हीं त्यांतलींच. हीच परीक्षा अम्ल व क्लोरोफॉर्म घालून तीन पायऱ्यांनीं केली तर बरीचशी चूक गाळली जाते. पण रस्त्यावर, रात्रीं, विजेरीच्या उजेडांत इतका धीर कोणास असतो?

अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरीं यांतून फार मोठा अनर्थ घडला. तेथें गुन्हा लवकर कबूल केल्यास शिक्षा कमी करण्याची वहिवाट आहे. मोटारींत सांपडलेला पांढरा कण पिशवींत निळा झाला, म्हणजे निर्दोष मनुष्यहि वर्षानुवर्षांच्या कैदेच्या भीतीनें कांहीं आठवड्यांची शिक्षा पत्करी. नमुना प्रयोगशाळेंत पोहोंचे तो मागाहून. २००४ ते २०१५ या काळांत अशा कबुलीवर दोषी ठरलेल्या दोनशेहून अधिक माणसांच्या नमुन्यांत पुढें कोणताहि निषिद्ध पदार्थ आढळला नाहीं. तोंवर कित्येकांची शिक्षा भोगून झाली होती.

प्रयोगशाळेची रीत निराळी. तेथें नमुन्याची वाफ केसासारख्या बारीक, लांब नळींतून वायूच्या प्रवाहाबरोबर सोडतात. प्रत्येक घटक आपापल्या वेळीं बाहेर पडतो. मग त्याच्या रेणूचे तुकडे करून त्या तुकड्यांचीं वजनें नोंदतात. या तुकड्यांचा मेळ सहसा दुसऱ्या द्रव्याशीं जुळत नाहीं. या कामास वेळ लागतो, आणि तोच आरोपीस जड जातो. भारतांतहि १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखालीं मोठ्या परिमाणाचा आरोप असल्यास जामीन मिळणें अत्यंत कठीण. रासायनिक पृथक्करणाचा अहवाल येईपर्यंतचे दिवस बहुधा कोठडींतच जातात.

ह्यूस्टनच्या पोलिसांनीं २०१७ सालीं रस्त्यावरील या परीक्षा बंद केल्या. कारण मात्र निराळें दिलें: फेंटानिलसारखें तीव्र द्रव्य उघड्यावर हाताळणें शिपायांस धोक्याचें आहे, म्हणून.