त्रास नसतानाच तपासा

‘मला काही होत नाहीये, मग तपासायचं कशाला?’ तपासणी शिबिराला बोलावलं की बायका हमखास हे विचारतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात नेमका हाच प्रश्न घात करतो, कारण सुरुवातीला हा रोग दुखत नाही, खुपत नाही.

त्याच्या मुळाशी एचपीव्ही हा विषाणू असतो. बहुतेक जणींचं शरीर त्याला वर्षा-दोन वर्षांत हुसकावून लावतं. तो ठाण मांडून बसला, तर पेशी हळूहळू बिघडतात आणि कर्करोग व्हायला बहुधा दहा-वीस वर्षं जातात. एवढा अवधी देणारे कर्करोग थोडेच.

या अवधीचा उपयोग किती, ते आपल्याच मराठवाड्यात दिसलं. १९९९पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय त्यात होतं. २००९मध्ये निष्कर्ष आले. एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केलेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न दिलेल्या गटात ६४. हा दुसरा आकडा वाचताना आजही जीव कळवळतो.

गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभराने पाहायचं, बिघडलेला भाग पांढरा दिसतो, ही स्वस्त तपासणी त्याच अभ्यासात एकदाच करून मृत्यू फारसे घटले नाहीत. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मात्र प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी तीच दर दोन वर्षांनी, चार वेळा केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे ‘एकदा केली होती की’ म्हणून भागत नाही. शिवाय पाळी गेल्यावर जिथे हा बिघाड होतो तो भाग आत सरकतो, नीट दिसत नाही; तेव्हा एचपीव्ही चाचणीच बरी.

तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात विचारा, आशाताईंना विचारा. पण संबंधानंतर रक्त जात असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग पडत असतील, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जात असेल, तर शिबिराची वाट पाहू नका. पाळी कायमची थांबल्यावर एकदाच डाग दिसला, तरी अंगावर काढू नका. मागचा रिपोर्ट चांगला असला तरी थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.