आश्रयाची भाषा : दुर्बल राज्याची याचना आणि तिचे वाङ्मयीन रूप

आयोनियन समुद्रातील कॉर्सायरा, म्हणजे आजचे कॉर्फू, ही मुळात कॉरिंथची वसाहत. एपिडॅम्नस नगरीवरून मातृनगरीशी तिचे बिनसले, इ.स.पू. ४३५ च्या नाविक लढाईत तिने कॉरिंथचा पराभव केला आणि कॉरिंथने पुढची दोन वर्षे सूडाच्या तयारीत घालवली. कोणत्याही गटात सामील न होणे हे कॉर्सायराचे तोवरचे धोरण होते. इ.स.पू. ४३३ मध्ये ते सोडून तिचे दूत अथेन्सच्या नागरिकसभेपुढे उभे राहिले. त्यांचे भाषण थुसिडिडीसने आपल्या इतिहासाच्या पहिल्या खंडात दिले आहे. प्रबळ शत्रूपासून रक्षण मागणाऱ्या राज्याने काय बोलावे, याचा इतका सविस्तर नमुना प्राचीन साहित्यात विरळाच.

या भाषणात करुणेचे आवाहन जवळजवळ नाही. आजवरची अलिप्तता हा आपला दुष्टपणा नव्हता, निर्णयातील चूक होती, एवढी कबुली देऊन दूत तडक हिशेबाकडे वळतात. ग्रीसमध्ये दखल घेण्याजोगी आरमारे तीन : अथेन्सचे, कॉरिंथचे आणि आमचे. आमचे आरमार कॉरिंथच्या हाती पडू दिलेत, तर उद्या दोघांशी एकदम लढावे लागेल. शिवाय बेट इटली आणि सिसिलीच्या सागरी मार्गावर आहे, आणि युद्ध तर येणारच आहे. याचक स्वतःविषयी थोडे आणि दात्याच्या लाभाविषयी अधिक बोलतो. कॉरिंथचे दूत उत्तरादाखल न्याय, करार आणि जुने उपकार यांची आठवण देतात. सभा दोनदा भरली. पहिल्या खेपेस कल कॉरिंथकडे होता, दुसऱ्या खेपेस तो फिरला. तरीही पूर्ण मैत्री न करता केवळ संरक्षणापुरता करार झाला. अथेन्सने प्रथम पाठवली ती दहा जहाजे, आणि कॉरिंथचे आरमार कॉर्सायराच्या भूमीवर उतरू पाहील तरच लढावे, अशी त्यांना ताकीद होती. ही दोन्ही आरमारे परस्परांशी झुंजून झिजावीत, अशीही अथेन्सची अपेक्षा असल्याचे थुसिडिडीस नोंदवतो. आश्रय देणारा किती थंडपणे मोजमाप करतो, हे या एका नोंदीतून कळते.

हाच प्रश्न ‘अर्थशास्त्रा’त याचकाच्या बाजूने मांडलेला आहे. षाड्गुण्यात संधी, विग्रह, आसन, यान आणि द्वैधीभाव यांच्यासमवेत ‘संश्रय’ येतो, आणि त्याची व्याख्याच दुसऱ्याच्या हाती स्वतःला सोपवणे अशी केली आहे. कौटिल्य सांगतो, शेजाऱ्याहून बलवान राजाचा आश्रय घ्यावा. तसा कोणी नसेल तर त्या शेजाऱ्याचाच आश्रय घेऊन कोश, सैन्य वा भूमी देऊन त्याला दुरूनच संतुष्ट ठेवावे. कारण शत्रूशी युद्ध जुंपलेले असल्याखेरीज बलवानाचा निकट सहवास राजांना घातक ठरतो. ‘दुरूनच’ या अटीत साऱ्या उपदेशाचे मर्म आहे. दुर्बल राजाला वाहिलेल्या बाराव्या अधिकरणात वेतासारखे वाकावे हे भारद्वाजाचे मत आणि सर्वस्व पणाला लावून लढावे हे विशालाक्षाचे मत, ही दोन्ही कौटिल्य नाकारतो. अधिक बलवान राजा किंवा अजिंक्य दुर्ग यांच्या आधाराने वागावे, हा त्याचा पक्ष.

शास्त्र येथे थांबते. कथा पुढे जाते. ‘पंचतंत्रा’च्या ‘काकोलूकीय’ तंत्रात कावळ्यांचा राजा मेघवर्ण मंत्र्यांना सहाही गुणांविषयी विचारतो, पण कथेला गती येते ती वृद्ध स्थिरजीवी घुबडांकडे शरणागत म्हणून जातो तेव्हा. आता सभा आश्रयदात्याची आहे. रक्ताक्ष बजावतो की याला मारून टाका. बाकीचे मंत्री शरणागताच्या रक्षणाचा धर्म सांगतात. घुबडांचा राजा अरिमर्दन त्यांचे ऐकतो आणि अखेर घुबडांचे निवासस्थान जळून जाते. आश्रय मागणारा दुबळाच असेल असे नाही, हा संशय कॉरिंथच्या भाषणातही आहे. मात्र तेथे तो नीतीच्या वेशात येतो.

मेलॉसची कथा याच्या उलट टोकाची. इ.स.पू. ४१६ मध्ये ३८ जहाजांनिशी आलेल्या अथेन्सपुढे या बेटाने तटस्थ राहण्याची तयारी दाखवली. ती नाकारली गेल्यावर त्याचे प्रतिनिधी स्पार्टाच्या रक्तसंबंधावर आणि देवांवर भिस्त ठेवतात. अथेन्सचे दूत त्यांना सुनावतात की मदतीला येणारा याचकाच्या सद्भावनेकडे पाहत नाही, स्वतःच्या वरचढ सामर्थ्याकडे पाहतो. स्पार्टा आली नाही. वेढ्यात काही अंतर्गत फितुरीही झाली. शरणागतीनंतर प्रौढ पुरुष मारले गेले, स्त्रिया व मुले गुलाम म्हणून विकली गेली. कॉर्सायराच्या दूतांनी दात्याचा लाभ पुढे केला होता. मेलॉसच्या प्रतिनिधींनी नात्यावर विसंबून राहणे पसंत केले.

पण कॉर्सायरा सुटली असे म्हणणेही धाडसाचे. इ.स.पू. ४२७ मध्ये तेथे यादवी उसळली. लोकपक्ष अथेन्सला बोलावत होता, धनिकांचा पक्ष स्पार्टाला. दोन्ही सत्तांची जहाजे आळीपाळीने बंदरात दिसू लागली, तसतशा कत्तली वाढल्या. शब्दांचे अर्थ कसे पालटले, अविचारी धाडसाला शौर्य आणि संयमाला भ्याडपणा कसे म्हटले जाऊ लागले, याचे थुसिडिडीसने याच प्रसंगात केलेले विवेचन भाषेच्या अभ्यासकांनी फिरून वाचावे असे आहे.

आधुनिक काळात या साऱ्या वाटा एकाच देशाने चालून पाहिल्या, तो फिनलंड. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत आक्रमण झाले तेव्हा राष्ट्रसंघाने आक्रमकाला बहिष्कृत केले, पण एकाही राज्याने आपली सेना युद्धात उतरवली नाही. १९४१ मध्ये फिनलंड, आपले युद्ध वेगळे असल्याचा दावा करीत, जर्मनीच्या बाजूने उतरला. १९४४ मध्ये शस्त्रसंधी होताच त्याच जर्मन सैन्याला हुसकावणे भाग पडले, आणि माघार घेताना त्याने रोव्हानिएमी शहर उद्ध्वस्त केले. वैनो लिना यांची ‘तुन्तेमातोन सोतिलास’ (१९५४) ही कादंबरी १९४१-४४ चे हे युद्ध एका मशीनगन कंपनीच्या नजरेतून पाहते. राजधानीतील गणिते तेथे पोहोचतात ती अधिकृत देशभक्तीच्या शब्दांतून, आणि शिपाई त्या शब्दांची टवाळी करतात. १९४८ मध्ये सोव्हिएत संघाशीच मैत्री व परस्परसाहाय्याचा करार झाला. तो १९९२ पर्यंत टिकला. शेजाऱ्याला अंतरावर राहून संतुष्ट ठेवणे हा कौटिल्याचा दुसरा पर्याय येथे चार दशकांहून अधिक काळ चालला. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर व्यापक आक्रमण केल्यावर हेलसिंकीतील मतप्रवाह पालटला आणि ४ एप्रिल २०२३ रोजी फिनलंड ‘नाटो’चा सदस्य झाला.