खड्डा ओळखणारा धक्काशोषक

मनोरहून विक्रमगडमार्गे जव्हारला आणि तेथून मोखाड्याला जाणाऱ्या एसटीत तुम्ही कधी अगदी मागच्या बाकावर बसला आहात का? खड्डा आला की पुढचे प्रवासी नुसते हलतात आणि मागचे चेंडूसारखे उडतात. शेवटचे बाक मागच्या चाकांच्याही पलीकडे असते, म्हणून ते जास्त वरखाली होते. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच. घाटाची वळणे आणि पावसाने उखडलेला रस्ता, दोन्ही ह्या वाटेवर भेटतात.

आता समजा, ह्याच वाटेने कुणाला रोज स्पोर्ट्‌स कार न्यायची आहे. हल्ली अशा मोटारींना रस्त्याप्रमाणे आपला ताठरपणा बदलणारे सस्पेन्शन मिळते. त्याला पैसे मात्र जास्त पडतात. ते खर्चावेत की नाही?

उत्तर शोधण्यापूर्वी एक प्रयोग करा. सायकलच्या जुन्या ट्यूबची पातळ, लांब पट्टी कापा, तिला दगड टांगा आणि तो थोडा खाली ओढून सोडा. दगड बराच वेळ नाचत राहील. आता तोच दगड पाण्याच्या बादलीत बुडेल असा धरून पुन्हा ओढून सोडा. तो लवकर शांत होईल.

मोटारीतही हीच जोडी असते. स्प्रिंग, किंवा ट्रकचे पाटे, म्हणजे आपली रबराची पट्टी. ती धक्का झेलते, पण झेललेली ऊर्जा परत देते. म्हणून तिच्या जोडीला धक्काशोषक लागतो. गॅरेजात त्याला शॉकअप म्हणतात. त्याच्या नळीतला दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल ढकलतो आणि हालचालीच्या ऊर्जेची उष्णता होते.

पण ही छिद्रे केवढी ठेवायची? लहान ठेवली तर धक्काशोषक ताठ होतो. वळणावर गाडी पटकन कलत नाही, पण प्रत्येक खड्डा पाठीच्या कण्यापर्यंत पोचतो आणि उखडलेल्या रस्त्यावर चाकही उडते. मोठी ठेवली तर बसायला आराम, पण गाडी झुलत राहते. चाक रस्त्याला टेकलेले नसेल तर ब्रेकही लागत नाही आणि गाडी वळतही नाही. म्हणून साध्या मोटारीत मधला मार्ग काढतात आणि स्पोर्ट्‌स कारमध्ये ताठपणाकडे झुकतात.

बदलत्या सस्पेन्शनमध्ये ही निवड कायमची नसते. एका प्रकारात विजेवर चालणारी झडप तेलाची वाट कमीजास्त करते. दुसऱ्या प्रकारात तेलात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले असतात. वेटोळ्यातून वीज सोडली की चुंबकत्व निर्माण होते, कण साखळीसारखे जुळतात आणि तेल घट्ट होते. वीज थांबली की ते पुन्हा पातळ! अमेरिकेत जेकब रॅबिनो ह्यांनी १९४० च्या दशकात अशा द्रवांवर काम केले होते. मोटारीच्या धक्काशोषकात ते २००२ साली आले.

हे किती झटपट घडते? ताशी ३६ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला १० मीटर जाते. बदल व्हायला सेकंदाचा शंभरावा भाग लागला, तर तेवढ्यात गाडी फक्त १० सेंटिमीटर पुढे सरकते. म्हणजे चाक मोठ्या खड्ड्यातून बाहेर पडण्यापूर्वीच धक्काशोषक बदललेला असतो.

मात्र त्याच्या मर्यादाही ओळखा. नुसता ताठरपणा बदलल्याने गाडीची उंची वाढत नाही. स्पोर्ट्‌स कारचे पोट जमिनीपासून अनेकदा १२-१३ सेंटिमीटरच वर असते. ते दगडाला घासणारच. पातळ कडेचा टायरही फुटू शकतो. शिवाय असा धक्काशोषक बिघडला तर तो गावच्या गॅरेजात दुरुस्त होणे कठीण आणि नवा महाग.

तेव्हा उत्तर रस्त्यावर अवलंबून आहे. रोजचा सगळा रस्ता गुळगुळीत असेल, तर चांगला साधा धक्काशोषक पुरतो. सगळाच उखडलेला असेल, तर उंच जीपच बरी. पण थोडा हमरस्ता, थोडा घाट आणि थोडे खड्डे अशी सरमिसळ असेल, तर एकाच गाडीला दोन गाड्यांचे काम करावे लागते. तेथे हा खर्च सार्थकी लागतो.

ह्या विद्येचे मोल स्पोर्ट्‌स कारपुरतेच नाही. मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरून रुग्णाला जव्हारच्या कुटीर रुग्णालयात नेणाऱ्या गाडीला घाईही असते आणि धक्केही टाळायचे असतात. पण तिला आधी हवेत ते साधेच, परंतु न झिजलेले धक्काशोषक. ते कसे ओळखाल? उभ्या मोटारीचा एक कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडा. तो एकदा वर येऊन स्थिरावला तर ठीक. डोलत राहिला, तर घरच्या मोठ्यांना सांगा, की शॉकअप तपासून घ्या!