पी-आरमधलं अंतर

ईसीजीच्या पट्ट्या वाचायचा नाद एकदा लागला की सुटत नाही. माझा तर नाहीच सुटला. त्या गुलाबी आखणीच्या कागदावर माझी नजर आधी जाते ती 'पी' या छोट्या लाटेच्या सुरुवातीपासून पुढच्या उंच सुळक्यापर्यंतच्या अंतरावर. एक बारीक चौकोन ४० मिलिसेकंदांचा. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून निघालेला विद्युतसंदेश एव्ही नोड या मधल्या गाठीतून खाली उतरायला फार तर पाच चौकोन, म्हणजे २०० मिलिसेकंद लागावेत. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम या आजाराचा जिवाणू हृदयात शिरला, की बहुतेक वेळा घाला पडतो तो याच नोडवर.

या आजाराची जन्मकथा एका दमात सांगतो. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या लाइम गावाच्या परिसरात कितीतरी मुलांचे गुडघे सुजू लागले. पॉली मरे या आईने १९७५ साली आरोग्य खात्याचा पिच्छा पुरवला, येल विद्यापीठाच्या अ‍ॅलन स्टीअर यांनी तपास केला आणि १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या पोटात मळसूत्री जिवाणू दिसला. झालं!

ही गोचीड भलतीच लबाड. तिचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं. चावलेलं कळतही नाही. न्यू जर्सीत पुतणीकडे गेलो होतो. मुलं मैदानावरून परतली तशी ती म्हणाली, "काका, आधी ह्यांना तपासते, मग चहा टाकते." गुडघ्यामागची खळगी, काखा, कानामागचे केस, सगळं बोटांनी चाचपून झालं. गोचीड सहसा दिवसभराहून जास्त चिकटून राहिली तरच जिवाणू अंगात उतरतो, म्हणून ही रोजची झडती मोलाची. (आपल्या सिंधुदुर्गात गोचिडीमुळे होतो तो माकडताप, तो विषाणूचा, निराळा आजार.)

पुन्हा पट्टीकडे. चावल्यानंतर काही आठवड्यांनी पाच चौकोनांचे सात-आठ होतात, मग एखादा ठोका गळतो आणि कधी वरचे-खालचे कप्पे आपापल्या तालात चालू लागतात. हा पूर्ण 'हार्ट ब्लॉक' काही मिनिटांतही येऊ शकतो, म्हणून अंतर ३०० मिलिसेकंदांवर गेलं की मॉनिटरखाली दाखल करतात. २०१३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने (सीडीसी) २६ ते ३८ वयाच्या तिघांच्या आकस्मिक मृत्यूची नोंद केली. लाइम असल्याचं मागाहून कळलं.

आणि तरीही हा ब्लॉक बरा होतो, मला भुरळ पडते ती इथेच! बॉस्टनमधल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आजार शरीरभर पसरलेल्या २०७ मुलांपैकी ३३ जणांच्या हृदयाला सूज होती, त्यांतल्या १४ जणांना गंभीर ब्लॉक. दहा वर्षांपुढच्या मुलांना धोका जास्त. पण त्या चौदाही जणांची लय आठवड्याच्या आत परतली. कायमचा पेसमेकर एकालाही लागला नाही. संदेशाची वाट मेलेली नसते, सुजलेली असते. शिरेतून प्रतिजैविक सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन दिलं की सूज ओसरते. गरज पडलीच तर तात्पुरता पेसमेकर तेवढे दिवस निभावून नेतो.

म्हणून तिथल्या तरण्या रुग्णाच्या छातीत घाईने कायमचं यंत्र बसवणं मला पटत नाही. ब्लॉकमागे लाइम आहे का हे ओळखायला कॅनडातल्या डॉक्टरांनी साधी गुणपद्धत बसवली आहे: वय, पुरुष की स्त्री, रानातला वावर, गोचीड चावल्याची आठवण, ताप-थकवा आणि अंगावरचा लाल चट्टा. चट्ट्याला सर्वाधिक चार गुण. मात्र तो उठलाच नाही म्हणून लाइम नाही, असं होत नाही. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींना एवढंच सांगेन: उन्हाळ्यात मूल चक्कर येऊन पडलं, धाप लागली, तर ईसीजी मागा. पहिल्या पट्टीत हे अंतर जरा लांबलेलं निघालं, तर दुसरी काढल्याशिवाय दवाखाना सोडू नका.